मिस्त्रीचं माप

मिस्त्रीने आयुष्यात कोणाला 'बरोबर' म्हटलं नाही. काम कितीही चोख झालेलं असो, तो एक डोळा मिटायचा, दुसऱ्याने लाकडाच्या कडेवरून लांबवर पाहायचा आणि म्हणायचा, "चालन." चालेल, एवढंच. स्वतःच्या कामालाही तेच. देवघर असो की गुरांचा गोठा, "चालन." मी गणिताचा शिक्षक. माझ्या धंद्यात दिवसातून शंभर वेळा 'बरोबर' म्हणावं लागतं, वहीवर लाल खूण करावी लागते. त्याच्या त्या एका कंजूष शब्दाचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा बरोबरीच्यांच्या बढतीचाही कधी वाटला नाही.

हे लिखाण हेव्याचंच आहे, तेव्हा आधीच सांगून टाकलेलं बरं. तो माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठा होता. तोंडावर मी त्याला 'मिस्त्री, तुम्ही' म्हणायचो आणि मनात 'तो'. इथे मनातलंच लिहितो आहे. त्याला जाऊन आता तीन महिने झाले. या तीन महिन्यांत मी रोज थोडं लिहिलं आणि बरंचसं खोडलं.

आमचं गाव गोंदियाकडच्या गोरेगावपासून सायकलने अर्ध्या तासावर. मी गोरेगावच्या हायस्कूलला शिकवायचो आणि रोज येता-जाता मिस्त्रीच्या छपरीवरून जायचो. छपरी म्हणजे चार खांब, वर कवेलूंचं कौलारू छप्पर आणि खाली सागाच्या भुश्शाचा ढीग. त्यात तो उघड्या अंगाने रंधा मारत बसलेला असायचा. त्याच्याकडे टेप नव्हता असं नाही. मुलाने आणून दिलेला पिवळा टेप खुंटीला लटकलेला असायचा आणि त्याला कोळ्यांनी जाळी केली होती. प्रत्येक नव्या घरासाठी मिस्त्री बांबूची एक नवी पट्टी सोलायचा. तिच्यावर पटाशीने बारीक खाचा पाडायचा. ही दाराची उंची, ही खिडकीची, ही उंबरठ्याची. आकडा एकही नाही. काम संपलं की ती पट्टी त्याच घराच्या छपरात, आढ्याजवळ खोचून द्यायचा.

"घराचं माप घरातच राहावं," तो म्हणायचा. "एका घरचं माप दुसऱ्या घरी नेलं, का दोन्ही घरं वाकडी."

मी तेव्हा ही अंधश्रद्धा समजत होतो. पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं, की त्याला कुठलंही घर मागच्या घराची नक्कल करून बांधायचं नव्हतं. प्रत्येक वेळी त्याने नव्याने पाहिलं. मी तर एकाच वर्षी काढलेली टिपणं तीस वर्षं शिकवली.

त्याचा डोळा आमच्या भागात प्रसिद्ध होता. माणूस समोरून चालत आला की तो त्याची उंची सांगायचा, आणि ती इंचानेही चुकत नसे. मुलीकडचे लोक मुलगा पाहायला जाताना मिस्त्रीला सोबत न्यायचे. नातं काही नाही, पण सोबत न्यायचेच. एकदा चिचगडकडच्या एका मुलाच्या कागदावर उंची पाच फूट आठ लिहिलेली होती. मिस्त्री पोहे खात बसला होता. मुलगा आतून येऊन नमस्कार करून गेला. मुलीच्या मामाने हळूच विचारलं, "काय जी मिस्त्री?"

"पाच चार," मिस्त्री म्हणाला. "बाकीचं बुटात हाये."

घरात बूट घालून कोण बसतं, हे तोपर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मुलाकडचे रागावले, पण मुलगा स्वतःच हसला, आणि त्या हसण्यावर मुलीने त्याला पसंत केलं. ते लग्न झालं. मिस्त्रीने त्यांना पलंग करून दिला, तो पाच फूट चार इंचांच्या माणसाला पुरेल एवढाच.

मलाही त्याने एकदा मोजलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी छपरीपाशी सायकल थांबवून त्याला क्षेत्रफळाबद्दल काहीतरी समजावत होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि रंधा पुढे ढकलत म्हणाला, "मास्तर, तुमी पाच फूट पाच. बोलनं मात्र सहा फुटाचं."

छपरीत बसलेले चारही जण हसले. त्यांत माझे वडील होते.

वडिलांचं सांगायला हवं. ते दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबून मला शिकवणारे गृहस्थ. मी एम.एस्सी. झालो तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले. पण संध्याकाळी ते जाऊन बसायचे ते मिस्त्रीच्या छपरीत. त्यांना अक्षर येत नव्हतं, म्हणून माझी विद्या त्यांना लांबूनच दिसायची, देवळाच्या कळसासारखी. मिस्त्रीची विद्या हात लावून पाहता यायची. दार बंद केलं की ती बंद व्हायची, उघडलं की उघडायची.

मी नोकरीला लागल्यावर आम्ही घर नव्याने बांधायला काढलं. मातीच्या भिंती उभ्या राहिल्या. मिस्त्री तेव्हा देवरीकडे कामाला गेलेला होता, महिनाभर परतणार नव्हता. पावसाळा तोंडावर आलेला. वडील अस्वस्थ झाले. मी म्हणालो, "वाशांची लांबी काढायला मिस्त्री कशाला पाहिजे? ते माझं काम आहे."

आणि खरोखर, ते गणित माझंच होतं. खोलीची रुंदी बारा फूट, तिची निम्मी सहा. भिंतीच्या वर आढ्याची उंची साडेचार. पायथागोरसाचं प्रमेय. उत्तर आलं साडेसात, नेमकं साडेसात, दशांशाची शेपूटसुद्धा नाही. एखादं गणित इतकं स्वच्छ सुटलं की माणसाला वाटतं, आपण काहीतरी पुण्य केलं असेल. मी गोरेगावच्या आरा मशीनवर जाऊन सगळे वासे साडेसात फुटांचे कापून घेतले. मशीनवाल्याने एकदा विचारलंही, "सर, साडेसातच ना?" मी त्याला कागद दाखवला.

चार दिवसांनी मिस्त्री अवचित परत आला. वडिलांनी त्याला कौतुकाने बोलावून आणलं. तो फाटकातच थांबला. अंगणात रचलेल्या वाशांकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं, पुन्हा वाशांकडे पाहिलं. हात लावला नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "घर बांधून राहिले का चित्र?"

"का? काय झालं?"

"या भिंतीले जाडी हाये का नाई?"

मी खोलीची आतली रुंदी घेतली होती. पुस्तकातल्या खोलीला भिंत नसते, चार रेघा असतात, आणि रेघेला जाडी नसते, हे तर मीच मुलांना पहिल्या तासाला शिकवायचो. आमच्या मातीच्या भिंती दीड दीड फूट जाड होत्या. त्यावर वळचणीसाठी वासा आणखी दीड फूट बाहेर यायला हवा होता. माझे वासे जवळजवळ चार फूट कमी पडत होते. ते भिंतीच्या आतल्या कडेला जेमतेम टेकले असते आणि पहिल्या पावसाचं सगळं पाणी भिंतीच्या डोक्यावर आलं असतं.

मिस्त्रीने आणखी काही लावून धरलं नाही. फक्त आपलं नेहमीचं वाक्य म्हणाला, "जास्तीचं कापता येते, मास्तर. कमीचं काय शिवता?"

मग त्याने खिशातून सुतळी काढली, अंगणात दोन-चार पावलं टाकली आणि त्याच वाशांची घरापुढे सपरी बसवून दिली. पाहुण्यांनी टेकायची ओसरी. ती इतकी मापात बसली, की नवख्याला वाटावं, वासे सपरीसाठीच कापून आणले होते. घरासाठी नवे वासे आले. ते त्याच्या पट्टीने कापले गेले. वडील पुढची वीस वर्षं त्या सपरीत बसले आणि आल्यागेल्याला वर बोट दाखवून सांगत राहिले, "हे माह्या पोराचं गनित हाये. पाहुन्याले बसवाले कामी पडलं."

ते गमतीने म्हणायचे, हे मला कळत होतं. पण एकदा सपरीत आम्ही दोघंच असताना ते गमतीने बोलले नाहीत. वर वाशांकडे पाहत म्हणाले, "बाबू, तुह्या तोंडात गनित हाये. त्याच्या हातात हाये."

त्यानंतर मी एक गोष्ट सुरू केली, ती बायकोलाही सांगितली नव्हती. घरी कोणी नसलं की टेबल, खाट, दाराची चौकट नुसत्या नजरेने मोजायची, आकडा वहीत लिहायचा आणि मग टेप लावून पाहायचा. दोन वर्षं हे चाललं. चूक कधी तीन इंच, कधी पाच, आणि सुधारणा शून्य. माणसंही मोजायचो. त्या वहीत पहिल्याच पानावर मिस्त्रीची उंची लिहिलेली आहे, पाच फूट दहा. बाकी सगळ्या आकड्यांपुढे टेपचा खरा आकडा आहे. त्याच्या आकड्यापुढे नाही. त्याला टेप कोण लावणार?

एकदा मी मोठेपणा दाखवायला गेलो. नववीचा वर्ग घेऊन त्याच्या छपरीत आलो. म्हटलं, मुलांनी प्रमेयाचा व्यवहारातला उपयोग बघावा. खरं म्हणजे मला त्यांच्यासमोर दाखवायचं होतं, की मिस्त्री जे करतो ते मुळात माझंच आहे, फक्त त्याला माहीत नाही. त्याने बारा सारख्या भागांची, गाठी मारलेली दोरी काढली. तीन मुलांना तीन गाठी धरायला लावल्या, इकडे तीन भाग, तिकडे चार, समोर पाच. दोरी ताणली आणि जमिनीवर काटकोन उभा राहिला. गुण्या लावून दाखवला. मुलं अवाक झाली. एका मुलीने विचारलं, "पन हे असं काऊन होते जी?"

"काऊन, ते मास्तर सांगतीन," तो म्हणाला. "कसं, ते मी सांगतो. चाल, पकड दोरी."

काऊन, म्हणजे का, ते मी सांगितलं. जमिनीवर काडीने तीन चौरस काढले, सिद्धता सांगितली. शेवटी मान वर केली तेव्हा माझ्यापुढे दोन मुलं उभी होती. बाकी सगळी दोरीपाशी होती. कोणी आंब्याच्या झाडाचा काटकोन बघत होतं, कोणी बैलगाडीचा, कोणी एकमेकांच्या कोपराचा.

वडील गेले ते उन्हाळ्यात, सकाळी. आमच्या गावात तिरडीचे बांबू मिस्त्रीच कापायचा. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. तो दारात येऊन उभा राहायचा, एकदा आत पाहायचा आणि बांबूच्या बेटाकडे निघून जायचा. टेप नाही, सुतळी नाही, त्या कामाला बांबूची पट्टीसुद्धा नाही. शहरातून आलेल्या माझ्या एका मेहुण्याने टेप पुढे केला, तर मिस्त्रीने त्याचा हात हळूच बाजूला सारला.

"मेलेल्या मानसाले टेप लावू नये. त्याचं मोजनं सरलं आता."

तासाभराने तिरडी आली. वडिलांना ठेवलं. डोकं बांबूच्या पहिल्या आडव्या कामटीवर, टाचा शेवटच्या कामटीवर. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. लोक रडत होते, मीही रडत होतो, आणि त्यातही माझ्या मनात आलं, की माझ्या बापाचं माप याला ठाऊक आहे आणि मला नाही. असल्या वेळी असलं काही मनात यावं, याची लाज अजून गेलेली नाही.

पुढे मी गोंदियाजवळ फुलचूरला घर बांधलं. सिमेंटचं, कंत्राटदाराकडून. कंत्राटदार गोंदियाचा, बोलायला गोड. "सर, टेन्शन मत लो, आजकल सब रेडीमेड आता है." दारं तयार आली, चौकटी लोखंडी, माप घ्यायला लाल किरणाचं यंत्र. मिस्त्री वास्तूच्या जेवणाला आला, घरभर हिंडला आणि मागच्या खोलीच्या दाराशी थांबला. म्हणाला, दार कलतं आहे. कंत्राटदार तिथेच होता. त्याने यंत्र फरशीवर ठेवून लाल रेघ दाखवली.

"बाबा, मशीन झूठ नहीं बोलती."

"मशीन नाई बोलत गा लबाड. तू तिले बसवली कुठं, ते पाह्य."

त्याने पंगतीतला पाण्याचा पेला उचलला आणि फरशीवर ओतला. पाणी क्षणभर जागेवर थरथरलं आणि मग शांतपणे दाराकडे चालू लागलं. फरशीच उतरती होती. तिच्यावर ठेवलेलं यंत्रही तेवढंच कलतं खरं बोलत होतं. कंत्राटदार हसला, "चलता है बाबा." मिस्त्रीही हसला, पण 'चालन' म्हणाला नाही. त्या दिवसापासून माझी बायको ते दार आपोआप मिटलं की म्हणते, "मिस्त्रीला दिलं असतं काम तर." माझ्याच घरात, माझ्याच पैशाच्या दारातून तो दिवसातून दहा वेळा आत येतो.

आता जे सांगायचं आहे, ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो होतो आणि तेच टाळत आलो.

माझ्या नोकरीची सहा-सात वर्षं उरली असतील. मिस्त्रीचं काम तोवर आटलं होतं. लोक गोंदियाहून तयार दारं आणायचे. कवेलू उतरून पत्रे आले, वासे उतरून लोखंडी पाइप आले. जुन्या छपरांबरोबर आढ्याजवळच्या त्याच्या बांबूच्या पट्ट्याही खाली आल्या आणि चुलीत गेल्या. त्याचा मुलगा रायपूरला कपड्याच्या दुकानात लागला होता. छपरीतला भुश्शाचा ढीग वर्षावर्षाने बुटका होत गेला. एक दिवस मिस्त्री धुतलेला सदरा घालून शाळेच्या फाटकाशी उभा दिसला. शाळेत तो कधी आला नव्हता. आत यायला संकोचत होता.

"मास्तर, एक काम होतं."

"बोला ना."

"हप्त्यातून एक तास मले भेटन का? पोट्ट्याईले माप शिकवीन म्हनतो. दोरी, ओळंबा, गुन्या. पैसा नको. लाकूड माह्यंच आनीन."

आमच्या शाळेत पूर्वी हस्तव्यवसायाचा तास होता. मग त्याचा संगणकाचा तास झाला. मग संगणक बिघडले आणि शुक्रवारचा शेवटचा तास नुसताच रिकामा राहिला. मुलं त्या तासाला आवारात दगड मारत बसायची. वेळापत्रक मीच लावायचो. मुख्याध्यापक माझ्या शब्दाबाहेर नव्हते. आणि गरज मला दिसत नव्हती असंही नाही. त्याच आठवड्यात मी दहावीतल्या, भूमितीत पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या मुलाला वर्गाची खिडकी पडद्यासाठी मोजून आणायला सांगितलं होतं. तो जाऊन आला आणि म्हणाला, "सर, बऱ्यापैकी मोठी आहे."

मी मिस्त्रीला म्हणालो, "मुख्याध्यापकांना विचारतो."

मी विचारलं नाही. महिन्याने त्याने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, वरून परवानगी लागते, अभ्यासक्रमात बसत नाही. बोलताना माझ्या डोळ्यांपुढे ती दोरी होती आणि तिच्याभोवती जमलेला वर्ग, आणि माझ्यासमोर उरलेली दोन मुलं. दर शुक्रवारी हे पाहायचं? माझ्या शाळेत?

त्याने माझ्याकडे एक डोळा बारीक करून पाहिलं, लाकडाची कड पाहतात तसं. मी किती कलतो आहे, हे त्याला दिसलं असणारच.

"चालन," तो म्हणाला, आणि पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंतरही भेटला की तेवढ्याच मोकळेपणाने बोलायचा. तेही माझ्याने झालं नसतं.

तीन महिन्यांपूर्वी सकाळी मिस्त्री गेल्याचा फोन आला. मी फुलचूरहून मोटारसायकलने निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोवणी झालेल्या बांध्या होत्या. गावात पोचलो तर छपरीपुढे माणसं जमलेली. मुलगा रायपूरहून निघाला होता, दुपारपर्यंत येणार होता. मिस्त्रीला छपरीमागच्या त्याच्या घरात, आतल्या खोलीत भुईवर घोंगडीवर ठेवलं होतं, अंगावर चादर. हिरवे बांबू तोडून आणलेले होते. त्यांच्याभोवती सात-आठ तरुण उभे होते आणि कोणी करवतीला हात लावत नव्हतं. एकाचं मोबाइलचं दुकान, एक जेसीबी चालवणारा, एक बांधकाम खात्यात अभियंता. सगळे माझे विद्यार्थी. प्रत्येकाला मी वर्तुळाचा परीघ शिकवला होता.

"किती लांब कापायचे सर?" जेसीबीवाल्याने मला विचारलं. "हे काम तर तेच करत होते."

अभियंता खिशातून फोन काढत म्हणाला, "अ‍ॅप आहे सर. दुरूनच माप येतं. टेप लावायची गरजच नाही."

आतून मिस्त्रीची बायको बाहेर आली. बारकी, वाकलेली म्हातारी. "टेप नाई लावाचा बाबू. त्याईनंच सांगून ठेवलं."

"टेप नाही आजी, फोन आहे."

"फोन का आन् टेप का? मोजनंच होय ना थे." मग तिने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "एवढे जन हायेत आन् कोनालेच येत नाई? तरी मी म्हनत होती त्याईले, कोनाले तं शिकवा. म्हने, कोनी येतच नाई."

अभियंत्याने फोन परत खिशात ठेवला. मी बांबूंकडे पाहत राहिलो. तिची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"मास्तर, तुमी तं गनिताचे. तुमीच पाहा ना जी."

मी दारात जाऊन उभा राहिलो. तो जिथे उभा राहायचा तिथेच, उंबरठ्याच्या बाहेर. एक डोळा मिटला. आत चादरीखाली काय होतं ते मी पाहिलं असं मी आज शपथेवर सांगू शकणार नाही. मला तो फाटकात उभा दिसला, माझ्या वाशांकडे पाहताना. आढ्यावर पाय टाकून आभाळात उभा दिसला. दोरी ताणून माझ्या वर्गाच्या मधोमध दिसला. मग मी बाहेर आलो, बांबूवर नखाने दोन खुणा केल्या, दोन्ही टोकांना खांद्यासाठी हातहातभर बांबू जादा सोडला आणि म्हणालो, "कापा."

माझा आवाज ठाम होता. तीस वर्षं फळ्यापुढे बोललेला माणूस मी. त्यांनी कापले, कामट्या बांधल्या, गवत पसरलं. दुपारी मुलगा आला. मिस्त्रीला उचलून तिरडीवर ठेवलं. डोकं पहिल्या कामटीवर नीट आलं. पण टाचा शेवटच्या कामटीपर्यंत पोचल्याच नाहीत. पाय संपत होते, आणि पुढे हिरवं गवत होतं. अभियंत्याने नकळत हाताची वीत पसरून त्या जागेवर धरली. वीत पुरती भरली.

म्हातारपणी माणूस आखडतो, हे मला ठाऊक आहे. दोन बोटं, फार तर तीन. वीतभर आखडत नाही.

म्हातारी पायांपाशी बसली होती. तिने ती रिकामी जागा पाहिली. चिडली नाही. मला समजवावं तशी म्हणाली, "एवढा उच्चा नोहता जी मास्तर तो."

जेसीबीवाल्याने करवत उचलली. "सर, खालची कामटी सोडून वर घेतो आणि टोक कापतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"राहू दे," मी म्हणालो.

मी पायांकडच्या बाजूला खांदा दिला. गावाबाहेर पडेपर्यंत ती रिकामी वीत माझ्या कानाशी होती.